शिल्पावरील प्रतिमाप्रक्षेपण आणि संगणकप्रणाली : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

सपाट पडद्याऐवजी एखाद्या उंचसखल वस्तूवर, त्या वस्तूच्या आकाराशी तंतोतंत जुळवून प्रतिमा टाकण्याच्या तंत्रास आज सर्वत्र ‘प्रोजेक्शन मॅपिंग’ असे म्हटले जाते. मराठीत त्यासाठी सर्वमान्य शब्द अद्याप रुळलेला नाही. प्रस्तुत निबंधात ‘आकारानुसारी प्रक्षेपण’ हा शब्द वापरला आहे. तो काहीसा जड आहे हे मान्य करूनही आशय नेमका सांगतो म्हणून स्वीकारला आहे. किल्ल्यांच्या तटबंदीवर, मंदिरांच्या शिखरांवर आणि आता लग्नसमारंभातील केकवरसुद्धा हे तंत्र दिसू लागल्याने त्याकडे केवळ करमणुकीचे साधन म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. त्याचा इतिहासही बहुधा त्याच अंगाने सांगितला जातो. एका मनोरंजन उद्यानात सुरुवात झाली, पुढे जाहिरात व्यवसायाने ते उचलले आणि संगणकप्रणालींनी ते सोपे केले, एवढाच त्याचा सारांश असतो.

यातील शेवटचे विधान प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. संगणकप्रणालीने हे काम सोपे केले हे खरेच. परंतु त्यापूर्वी तिने शिल्प आणि प्रकाश यांच्यातील नातेच बदलले. प्रतिमा नेमकी कोठे ‘राहते’, प्रक्षेपकाजवळ की शिल्पाजवळ, या प्रश्नाचे उत्तर तिच्यामुळे पालटले. ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज वारसा जतनाच्या क्षेत्रात या तंत्राला मिळालेले स्थान उमगत नाही. इतिहास आणि एका छोट्या महाविद्यालयीन प्रयोगाचा अनुभव यांच्या आधारे हा मुद्दा मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

स्थिर मस्तकांचा काळ

प्रक्षेपण म्हटले की मराठी वाचकास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांची ‘शांबरिक खरोलिका’ आठवणे स्वाभाविक आहे. 1890 च्या दशकात काचेवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या साहाय्याने पडद्यावर टाकून त्यांनी पौराणिक कथांचे खेळ केले. त्यांच्या सुमारे शंभर वर्षे आधी पॅरिसमध्ये रॉबर्टसन या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेल्जियन प्रयोगकाराने धुरावर व झिरझिरीत कापडावर भुते नाचविली होती. या दोन्ही परंपरांत प्रकाश ज्यावर पडे त्या पृष्ठभागाला स्वतःचे असे काही म्हणणे नव्हते. पडदा जितका निर्गुण तितका बरा.

शिल्पाचे तसे नाही. त्याला नाक आहे, कपाळ आहे, ओठांची एक ठरावीक रेषा आहे. त्यावर प्रतिमा टाकायची तर तिला या सर्वांशी समझोता करावा लागतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 9 ऑगस्ट 1969 रोजी खुल्या झालेल्या ‘हाँटेड मॅन्शन’ या दालनात हा समझोता प्रथम मोठ्या प्रमाणावर साधला गेला. तेथे स्फटिकगोलातील मादाम लिओटा हे बोलणारे मस्तक आणि स्मशानात गाणारे पाच अर्धपुतळे होते. दोन्ही ठिकाणी चित्रित केलेले चेहरे घडीव मस्तकांवर टाकले जात. या कल्पनेच्या उगमाविषयी रॉली क्रम्प यांनी सांगितलेली हकिकत उद्बोधक आहे. त्यांनी आणि येल ग्रेसी यांनी दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी चित्रित झालेला हान्स कॉनरीड या नटाचा चेहरा सहज म्हणून बीथोव्हेनच्या अर्धपुतळ्यावर टाकून पाहिला. नट एक, पुतळा भलत्याचाच. तरीही संगीतकार जणू बोलू लागला.

परंतु योगायोगाने जुळलेली गोष्ट रोज शेकडो प्रेक्षकांपुढे जुळती ठेवायची तर शिस्त लागते. ती शिस्त नटाच्या वाट्यास आली. चित्रीकरणाच्या वेळी त्याने मस्तक हलवायचे नाही, ते आधाराने जखडून ठेवायचे, केवळ ओठ, डोळे आणि गाल यांनी अभिनय करायचा. कारण मान किंचित कलली तरी प्रतिमेतील नाक पुतळ्याच्या गालावर घसरणार. शिल्प हलू शकत नव्हते म्हणून माणसाला शिल्पासारखे व्हावे लागले. या तंत्राच्या आरंभीच्या पर्वाचे याहून नेमके वर्णन प्रस्तुत लेखकास सुचत नाही.

पुढचे पाऊल मायकेल नायमार्क यांनी टाकले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1979-80 च्या सुमारास दूरस्थ संभाषणासाठी व्यक्तीच्या चेहऱ्याच्याच आकाराच्या मुखवट्यावर तिचे चित्रण टाकण्याचे प्रयोग झाले, त्यांत ते होते. त्यानंतरच्या त्यांच्या ‘डिस्प्लेसमेंट्स’ या कलाकृतीत एक सबंध दिवाणखाना मांडला होता. मध्यभागी सावकाश फिरणाऱ्या चबुतऱ्यावरील कॅमेऱ्याने खोलीचे आणि तीत वावरणाऱ्या माणसांचे चित्रण केले. मग खोलीतील यच्चयावत वस्तू पांढऱ्या रंगाने फवारून काढल्या आणि कॅमेऱ्याच्या जागी प्रक्षेपक ठेवून तेच चित्रण तितक्याच गतीने फिरवले. वस्तूंना त्यांचे मूळ रंग परत मिळाले. माणसे मात्र निघून गेली होती, म्हणून ती भुतांसारखी पांढऱ्या भिंतींवरून सरकत राहिली.

या कलाकृतीत एक तत्त्व दडलेले आहे. कॅमेरा आणि प्रक्षेपक हे एकाच यंत्राचे उलट-सुलट रूप होय. कॅमेऱ्यात वस्तूवरील प्रत्येक बिंदूपासून निघालेला किरण भिंगातून आत येतो. प्रक्षेपकात तोच किरण उलट दिशेने बाहेर जातो. दोन्ही यंत्रे एकाच जागी असतील तर आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. अडचण अशी की ही जागा अचल राहते. प्रक्षेपक हातभर सरकला की सगळा दिवाणखाना विस्कटतो.

चॅपेल हिल येथील वळण

1990 च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने त्रिमित वस्तूवर रंग भरण्याच्या खटपटी सुरू झाल्या होत्या. त्रिमित वस्तूवरील प्रक्षेपणासंबंधीच्या एका एकस्वासाठी डिस्नेने 1991 मध्ये अर्ज केला आणि 1994 मध्ये ते मंजूर झाले. तथापि निर्णायक वळण आले ते नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संगणकशास्त्र विभागात. तेथील संशोधकांच्या चमूतील रमेश रासकर हे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1998 मध्ये या चमूने खोलीतील कोणताही पृष्ठभाग पडदा ठरू शकेल अशी ‘भविष्यातील कार्यालया’ची संकल्पना मांडली. 2001 मध्ये रासकर, ग्रेग वेल्श, कोक-लिम लो आणि दीपक बंदोपाध्याय यांचा ‘शेडर लॅम्प्स’ हा शोधनिबंध लंडन येथील परिषदेत सादर झाला. त्यातील प्रात्यक्षिकासाठी एक साधे भांडे आणि ताजमहालाची पांढरी प्रतिकृती वापरली होती. दोन प्रक्षेपकांच्या प्रकाशात त्या प्रतिकृतीला संगमरवराचा पोत आणि सूर्याच्या स्थानानुसार बदलणाऱ्या सावल्या लाभल्या.

आपल्याकडे अशा प्रसंगी ‘आपला माणूस’ एवढेच सांगून थांबण्याची प्रथा आहे. या निबंधाचे महत्त्व त्यातील युक्तिवादात आहे. आपल्याला एखादी वस्तू दिसते तेव्हा तिच्या पृष्ठभागाचा रंग आणि तिच्यावर पडणारा प्रकाश या दोहोंचा संयोग दिसतो. मग रंग वस्तूतून काढून प्रकाशात घातला तर? वस्तू पांढरी व तटस्थ ठेवायची. तिचा रंग, पोत, चकाकी आणि सावलीसुद्धा प्रक्षेपकाने पुरवायची. त्यासाठी संगणकाला दोन गोष्टी ठाऊक हव्यात : वस्तूची त्रिमित आकृती आणि त्या वस्तूच्या संदर्भात प्रक्षेपकाचे स्थान.

दुसरी गोष्ट काढण्याची रीत विलक्षण साधी आहे. वस्तूवरील ज्ञात बिंदू घ्यायचे आणि त्यांवर नेमका कोणता प्रकाशबिंदू पडतो ते नोंदवायचे. प्रक्षेपकाचे स्थान, दिशा व भिंगाचे गुणधर्म मिळून अकरा अज्ञात संख्या होतात. प्रत्येक बिंदू दोन समीकरणे देतो. म्हणून एका प्रतलात नसलेले सहा बिंदू पुरेसे ठरतात. नटाचे मस्तक जखडणे, कॅमेऱ्याच्या जागी काटेकोरपणे प्रक्षेपक ठेवणे या साऱ्या सायासांची जागा या सहा बिंदूंनी घेतली. रंग आता संगणकातील आकृतीवर, म्हणजे पर्यायाने शिल्पाच्या पत्त्यावर नोंदला जातो. प्रक्षेपक कोठेही ठेवा, एकाच्या जागी दोन ठेवा. प्रत्येकासाठी लागणारी प्रतिमा गणिताने निघते.

चार प्रणाली आणि एक अर्धपुतळा

हे सर्व वाचून समजले असे वाटणे आणि प्रत्यक्षात समजणे यांत अंतर असते. म्हणून प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह एक प्रयोग केला. चित्रकला शिक्षकांच्या वर्गातून ग्रीक वळणाचा प्लास्टरचा अर्धपुतळा उसना आणला. प्रक्षेपक वर्गातलाच, 1024 × 768 बिंदूंचा. 1857 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयापासून आपल्याकडे असे पांढरे नमुने समोर ठेवून रेखाटन शिकविण्याची परंपरा आहे. ग्रीक शिल्पे मुळात रंगविलेली असत, हे व्हिन्झेन्झ ब्रिंकमन यांच्या संशोधनावर आधारित 2003 पासूनच्या रंगीत प्रतिकृतींच्या प्रदर्शनांनी सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पांढरा म्हणून गिरवलेल्या चेहऱ्याला प्रकाशाने रंग द्यावा, असा हेतू होता.

पहिला प्रयत्न नॉर्वेचे कलावंत एच. सी. गिल्ये यांनी तयार केलेल्या विनामूल्य ‘व्हीपीटी’ प्रणालीवर झाला. यात प्रतिमेवर जाळी पसरून तिचे कोपरे व गाठी हाताने ओढत शिल्पावर बसवाव्या लागतात. दुसरा प्रयत्न ‘मॅडमॅपर’च्या चाचणी आवृत्तीवर केला. गराजक्यूब आणि 1024 आर्किटेक्चर या दोन गटांनी मिळून ती 2011 मध्ये आणली. तिच्यात आकृत्या व मुखवटे आखणे पुष्कळ सुकर आहे. आम्ही तिची सपाट प्रतिमा ताणण्याचीच सोय वापरली. दोन्ही प्रयत्नांत संध्याकाळ सरली, पण फळ मिळाले. ओठांना लाली आली, केस तपकिरी झाले, आणि बुबुळे उमटली तेव्हा वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करताना कोणीतरी टेबल चार बोटे सरकवले होते. लाली हनुवटीवर आली होती, एक बुबुळ कानशिलावर. सगळे काम पुन्हा करावे लागले, कारण आम्ही रंग अर्धपुतळ्याला दिलेलाच नव्हता. तो प्रक्षेपकाच्या दृष्टिकोनातून काढलेल्या चित्राला दिला होता. नायमार्क यांच्या दिवाणखान्याची मर्यादा आम्ही नकळत पुन्हा अनुभवली.

तिसऱ्या व चौथ्या प्रयत्नासाठी अर्धपुतळ्याची त्रिमित आकृती हवी होती. ती छायाचित्रांवरून तयार करण्यासाठी ‘मेशरूम’ ही विनामूल्य प्रणाली वापरली आणि तेथे अनपेक्षित कोडे उभे राहिले. अशी प्रणाली निरनिराळ्या छायाचित्रांतील समान खुणा शोधून खोली ठरविते. स्वच्छ पांढऱ्या प्लास्टरवर खुणाच नसतात. प्रक्षेपणाला जो पृष्ठभाग सर्वांत अनुकूल, तोच मोजमापाला सर्वांत प्रतिकूल! आकृती निघाली ती गोळा झालेल्या मेणासारखी. अखेरीस एका विद्यार्थिनीने प्रक्षेपकातूनच ठिपक्यांचा अनियमित नमुना अर्धपुतळ्यावर टाकून तो न हलवता छायाचित्रे घेण्याचे सुचविले. ठिपक्यांनी खुणांचे काम केले आणि समोरची बाजू तरी नीट मिळाली. उरलेली भोके ‘ब्लेंडर’मध्ये बुजविली.

त्यानंतर काइल मॅकडोनल्ड यांनी 2011 मध्ये जपानमधील यामागुची येथील माध्यमकला केंद्रात विकसित केलेल्या ‘मॅपामॉक’वर आणि मग ‘टचडिझायनर’मधील ‘कॅमश्नॅपर’ या घटकावर काम केले. दोन्हींचे सूत्र वर सांगितलेल्या सहा बिंदूंचेच. आकृतीवर बिंदू निवडायचा आणि प्रकाशाची खूण अर्धपुतळ्यावरील त्याच जागी नेऊन ठेवायची. पहिल्यांदा सहाही बिंदू चेहऱ्याच्या पुढच्या भागात घेतल्याने उत्तर डळमळीत आले; कान, मानेची खाच आणि बैठकीचा कोपरा घेतल्यावर ते स्थिरावले. ‘टचडिझायनर’ची विनामूल्य आवृत्ती 1280 बिंदूंच्या मर्यादेत चालते, आमचा प्रक्षेपक त्याहून लहान असल्याने अडचण आली नाही. यावेळी टेबल आम्ही मुद्दामच सरकवले. बिंदू पुन्हा जुळवताच रंग जागच्या जागी बसले.

नाकाच्या कडेला मात्र अखेरपर्यंत रंगाची बारीक रेघ गालावर सांडत राहिली. आकृतीतील किंचित चूक जेथे खोली एकदम बदलते तेथे उघडी पडते. शिवाय प्रकाश तिरका पडतो त्या गालफडांवर रंग फिका दिसतो. तेथे उजळपणा गणिताने वाढवावा लागतो, आणि तो प्रक्षेपकाच्या ताकदीपलीकडे वाढविता येत नाही.

प्रकाशाचे पाठभेद

रंग शिल्पाच्या पत्त्यावर नोंदविता येऊ लागल्याने जतनशास्त्राला एक नवे साधन मिळाले. फ्रान्समधील आमियाँच्या कॅथीड्रलची पश्चिम दर्शनी बाजू 1990 च्या दशकात लेसर किरणांनी साफ करण्यात आली, तेव्हा द्वारांवरील शिल्पांवर मध्ययुगीन रंगांचे अवशेष आढळले. शिल्पांवर पुन्हा रंग चढविणे जतनाच्या तत्त्वांत बसणारे नव्हते. त्या दशकाच्या अखेरीपासून तेथे रात्री प्रकाशाने ते रंग दाखविले जाऊ लागले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 2016 च्या आरंभी डेंडूरच्या मंदिरातील उत्थित शिल्पांवर असाच प्रयोग झाला. इजिप्तमधील हे मंदिर अस्वानच्या पहिल्या धरणाच्या पाण्यात वर्षातील बराच काळ बुडून राहत असे. त्यामुळे त्याचे रंग नाहीसे झाले. त्याआधी, 1906 मध्ये, एल्वर्ड ब्लॅकमन यांनी केलेल्या पाहणीत रंगांच्या काही नोंदी उरल्या होत्या.

शिल्पाचे नसले तरी हार्वर्डचे उदाहरण येथे टाळता येत नाही. मार्क रॉथको यांनी तेथे 1964 मध्ये लावलेली भित्तिचित्रे सूर्यप्रकाशाने विटली आणि 1979 मध्ये ती उतरविण्यात आली. 2014-15 च्या प्रदर्शनात कॅमेरा व प्रक्षेपक यांच्या साहाय्याने प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश कमी पडतो हे मोजून तेवढाच टाकण्यात आला. या कामातील सहभागींत रासकर यांचेही नाव आहे. दररोज दुपारी चार वाजता प्रक्षेपक बंद केले जात आणि प्रेक्षकांना विटलेली चित्रे जशी आहेत तशी दिसत. हा प्रघात प्रस्तुत लेखकास फार मोलाचा वाटतो. पुनर्रचना हे संशोधकाचे अनुमान असते. ग्रंथाचा संपादक पाठभेद तळटीपेत देतो, तसे अनुमान व अवशेष वेगळे ठेवण्याची सोय प्रकाशात आहे. मात्र ती वापरायची की नाही हे आयोजकावर अवलंबून राहते.

वारसास्थळांवरील शिल्पांना प्रकाशाने रंग द्यायचा तो शिल्प जसे होते तसे दाखविण्यासाठी. याच तंत्राने शिल्पाला प्रश्नही विचारता येतात. पोलंडमध्ये जन्मलेले कलावंत क्रिश्तॉफ वोदिच्को 1980 पासून स्मारकांवर प्रतिमा टाकीत आले आहेत. 1985 मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात नेल्सन स्तंभावरील प्रक्षेपण चालू असताना त्यांनी एक झोत दक्षिण आफ्रिकेच्या कचेरीकडे वळवून तिच्यावर नाझींचे स्वस्तिक उमटविले. पोलिसांनी ते बंद पाडले. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन चौकातील लिंकन यांच्या ब्राँझ पुतळ्याला त्यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे चेहरे व हात दिले. गाणाऱ्या अर्धपुतळ्यांचीच ही युक्ती, पण येथे ओठ हलतात ते झोप उडालेल्या माणसांचे. रिचमंड शहरात 1890 मध्ये उभारलेल्या जनरल रॉबर्ट ली यांच्या स्मारकावर जून 2020 मध्ये डस्टिन क्लाइन व अ‍ॅलेक्स क्रिकी यांनी जॉर्ज फ्लॉइड यांची प्रतिमा टाकली. सप्टेंबर 2021 मध्ये पुतळा हलविण्यात आला. तो केवळ प्रकाशामुळे हलला असे कोणी म्हणणार नाही, तरी त्या रात्रींची छायाचित्रे आता त्या स्मारकाच्या इतिहासाचा भाग झाली आहेत.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार करू लागल्यास पहिली अडचण दगडाची येते. चॅपेल हिलची प्रतिकृती पांढरी होती, आमचे प्लास्टरही पांढरे. वेरूळ आणि घारापुरी येथील शिल्पे काळ्या बेसॉल्टची आहेत. तो पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग गिळून टाकतो, आणि प्रक्षेपक रंगात भर घालू शकतो, काळोख उजळल्याखेरीज त्याला गत्यंतर नसते. सावली गडद करणे तर त्याला मुळीच साधत नाही. म्हणजे कैलास लेण्यासारख्या ठिकाणी अनेक शक्तिमान प्रक्षेपक आणि जवळपास संपूर्ण अंधार लागेल, आणि वटवाघळांपासून रखवालदारांपर्यंत सर्वांचा विचार करावा लागेल.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. कैलासाला रंगमहाल असेही म्हटले जाई. त्यावर गिलावा आणि रंग होते याच्या खुणा आजही दिसतात, मंडपाच्या छतावर तर एकावर एक चढविलेले चित्रांचे थर आहेत. मग रंग द्यायचा तो कोणत्या शतकाचा? राष्ट्रकूटांच्या काळातील पहिल्या थराचा दिला तर त्यानंतर ज्यांनी श्रद्धेने वर दुसरा थर चढविला त्यांचे लेणे पुसले जाते. प्लास्टरच्या अर्धपुतळ्यावर आम्ही ब्लेंडरमध्ये तीन वेगवेगळ्या रंगयोजना तयार करून त्या एकामागून एक दाखवून पाहिल्या. विद्यार्थ्यांना विचारले असता बहुतेकांना पहिलीच खरी वाटली. दुसऱ्या दिवशी आम्ही क्रम उलटा केला, तेव्हा वेगळ्या तुकडीने जी आधी पाहिली तिलाच कौल दिला. अर्धपुतळा आता चित्रकलेच्या वर्गात परत गेला आहे. पुढील सत्रात काळ्या पाषाणाच्या एका लहान खंडित मूर्तीवर हाच प्रयोग करण्याचे योजिले असून, त्यात रंगयोजनांच्या मध्ये प्रत्येक वेळी काही मिनिटे प्रक्षेपक बंद ठेवण्यात येणार आहे.